पुठ्ठ्यातली ओळ

मलगोंडा तराजूत आधी दगड तपासतो, मग कागद.
"कन्नड बारा, मराठी बारा,
गुळगुळीत इंग्लिश असंल तर आठ.
मोडीला दर नाही ओ. मोडी कोण वाचतंय?
तसंच घेऊन जावा की."

तसंच आणलं होतं ते बोचकं,
निपाणीच्या कुठल्याशा वखारीतून निघालेलं.
तंबाखूत शंभर वर्षं निजलेले कागद,
कसर फिरकली नव्हती.
घरी गाठ सोडली तेव्हा बायको सात वेळा शिंकली
आणि म्हणाली,
"पुन्हा कुणाची तरी भांडणं विकत आणलात."

भांडणंच होती.
मठाकडून पेठेला, पेठेकडून मठाला.
वर श्रीकार, खाली सुबक कोरड्या हाताची अक्षरं:
कोण कुणाच्या पंक्तीला बसला,
अधिक महिन्यात कुणी उरकलं लग्न.
आणि एका पत्रात तुंगाबाई,
नेमशेट कासाराची विधवा सून,
बेळगावच्या कॅम्पात पाद्रीणबाईकडे
विणकाम शिकायला जाते,
तिथं तिनं पाव खाल्ला.
साक्षीदार दोन.
सबब पंचगव्य, रुपये अकरा,
'तोवर पाणी बंद जाणिजे.'

मोडी लिहिणारा सहसा लेखणी उचलत नाही.
इथं उचलली आहे.
'पाणी' फिकट,
'बंद' काळाभोर.
मधे कारकुनानं दौतीत टाक बुडवला,
तेवढ्या वेळात त्याच्या मनात काय आलं
हे मला कुठल्याच दफ्तरात मिळणार नाही.

पण तिचं उत्तर मिळेल असं वाटायचं.
अकरा वर्षं वाटत राहिलं.
संकेश्वरात एकानं पोथ्यांच्या बदल्यात
कुकर मागितला, तोही पाच लिटरचा. दिला.
अथणीत दोन रात्री काढल्या
एका पेटीसाठी; पेटीत लग्नपत्रिका निघाल्या.
पुण्याहून एक गृहस्थ आले, पांढरे मोजे घालून पत्रं चाळली,
"तिचं उत्तर असेल तर तीस हजार," म्हणाले,
"नुसत्या शिक्षेला गिऱ्हाईक नाही."

परवा खानापुरात गंगव्वानं
सासूचं कन्नड पुराण विकायला काढलं.
"पानं सगळी आहेत बघा. श्रावणात रोज वाचायच्या.
पुठ्ठा तेवढा उंदरानं खाल्लाय."
खाल्लेल्या कोपऱ्यातून
कागदावर कागद चिकटवलेला दिसत होता,
आणि सगळ्यांत आतला
मोडी.

मठाचीही रद्दी कधीतरी निघालीच असेल.
कुणा जिनगारानं मोरचूद घालून खळ शिजवली असेल,
उत्तरावर पुराण बांधलं असेल.
मी घासाघीस केली नाही.
गंगव्वाला संशय आला,
तिनं शंभर वाढवून मागितले. तेही दिले.

रात्री गॅसवर किटली, हातात पातळ सुरी.
वाफेनं खळ सैल झाली तसा
कागद बोटभर सुटला:
'तुंगाबाई इणें कळविलें जे, पाव'
आणि पुढचं शिवणीखाली.

शिवण उसवायची तर पुस्तक जातं.
मी ते उघडून पाहिलं.
मला कन्नड येतं, बाजारापुरतं;
ओळीवर बोट ठेवून वाचणं जमत नाही.
तिला जमायचं. पानापानाच्या खालच्या कोपऱ्याला
हळदीचा अंगठा उमटला होता,
कुठं ठसठशीत, कुठं घाईचा,
शेवटच्या अध्यायात थरथरता.

सुरी पुसून ठेवली.
'पाव' या शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो.
पावापुढे काय लिहिलं असेल बाईनं?
खाल्ला नाही? खाल्ला?
गोड होता?

किटली उकळतच होती.
बायको उठून आली, माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं,
काही विचारलं नाही.
पाणी वाया जाऊ नये म्हणून
त्यातच चहा टाकला.